नाकावरचे दोन वळ

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. पण माझ्यातून कुणाला अक्षर मोठं दिसत नाही. मी डोळ्यांचा पहारेकरी. कारखान्यात जन्मल्याबरोबर माझ्या काचेवर पोलादी गोळी टाकून पाहिली. तडा गेला नाही म्हणून पास झालो, पण तेव्हापासून माझा कुणावर विश्वास नाही.

अमिरातीतल्या अल ऐन शहराबाहेर एका नेमबाजी क्लबात मी कामाला लागलो. तिथल्या एका खोलीत सभासद परवानगीने रिकाम्या काडतुसांत पुन्हा दारू भरतात. माझे मालक उपेंद्रराव त्यांतलेच. त्यांचा हात इतका नेटका, की खोलीवर देखरेख करणारे बाबाजी म्हणायचे, "हबीबी, एकदम ए-वन!" कौतुक काडतुसाचं, माझं नाव कोण घेणार? उन्हातून आल्यावर घामाने माझ्यावर वाफ धरायची, की लगेच उपेंद्रराव मला कपाळावर चढवायचे.

एकदा काडतुसाच्या बुडात ठिणगी पाडणारी टोपी दाबून बसवताना घाईत जोर झाला आणि ती फुटली. पितळेचा कपचा भुवईत घुसला. मी दोन बोटं वर, नुसता बघत बसलो! डोळा थोडक्यात वाचला.

घरी टाके पाहून पत्नी मनोरमाबाईंच्या डोळ्यांना धार लागली.

"सोडाल ना हे?"

"इन्शाल्ला."

"नवराबायकोत इन्शाल्ला नको. आपला एसीवालाही इन्शाल्लाच म्हणतो आणि महिनाभर फिरकत नाही."

"बरं बाई, खलास. सोडलं."

थोडे दिवस सोडलंही. मग उपेंद्रराव दर शनिवारी बॅडमिंटनला जाऊ लागले. बॅगेत रॅकेट वर, मी तळाशी! मला हे पटलं नाही आणि मनोरमाबाईंना तर मुळीच नाही. बूट कोरे, शर्टाला धुराचा वास, नाकावर दोन लाल वळ.

"बॅडमिंटनला चष्मा कधीपासून लागतो हो?"

लेक इशिता मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "मम्मा, ही इज सो लाइंग."

पुढच्या शनिवारी मनोरमाबाई आधीच गाडीत जाऊन बसल्या. "यल्ला, चला, मलाही बघू द्या तुमचं बॅडमिंटन." चोराच्या मनात चांदणं! गाडी मुकाट क्लबाकडे वळली.

खोलीत त्यांनी मला उलटंसुलटं पाहिलं आणि नवऱ्याच्या नाकावर ठेवलं. माझं रबर बरोबर त्या वळांवर बसलं.

"म्हणजे हा आता कपाळावर नसतो?"

"नाही गं. त्या दिवसापासून एकदाही नाही. तुला भीती वाटते म्हणून बोललो नाही."

"आधी फक्त तुमच्या डोळ्याची भीती होती. आता तुमच्या शब्दाचीही वाटते. यापुढे खरं सांगाल?"

"इन्श..." उपेंद्ररावांनी शब्द अर्ध्यावरच तोडला. "हो. सांगीन."

आता दर शनिवारी दारातच त्यांचं नाक तपासलं जातं. वळ दिसले तर चहा, नाहीतर उलटतपासणी. मित्रांनो, माझी काच धुरकटली आहे, लवकरच मला टाकून देतील. एवढंच मागतो, पहारेकऱ्याला कपाळावर बसवून मान देऊ नका, डोळ्यांपुढे उभा करा. आणि घरी कुणी तुमचं नाक निरखून पाहत असेल, तर चिडू नका, पाहू द्या.