उजव्या चाकाचा रंग

साखऱ्याच्या शिवारात ओढ्यापलीकडं सात घरांची एक वस्ती आहे. तिथल्या प्रभूनं बैलजोडी विकून गाडी आणली, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यातच काढलं. आणि गाडी तरी कसली? लष्कराच्या लिलावातून निघालेली जुनी फोर-व्हील पिकअप. कनेरगाव नाक्याच्या हिरासिंग भंगारवाल्याकडं ती दोन पावसाळे उभी होती आणि तिच्या हौद्यात एरंड उगवला होता. ट्रॅक्टरच्या मागं बांधून ती वस्तीवर आली तेव्हा शेजारच्या मुंजाजीनं विचारलं, "प्रभू, झाडासकट घेतली का झाड फुकटात आलं?"

प्रभूला हसू आलं नाही. त्याच्या मायची, कौशल्याबाईची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला डायलिसिससाठी हिंगोलीला न्यावं लागे. वस्ती आणि डांबरी सडक यांच्यामध्ये ओढा होता, आणि ओढ्यावरचा फरशी पूल मागच्या साली वाहून गेला होता. त्या भादव्यात चार माणसांनी तिला बाजेवर घालून छातीभर पाण्यातून नेलं. मधोमध एकाचा पाय घसरला, बाज कलली आणि माय गळ्यापर्यंत भिजली. "चला, आंघोळ तरी झाली," म्हणून ती हसली होती. बाकी कोणी हसलं नव्हतं. हिंगोलीत खोली करून पाहिली, पण तीन आठवडे ती दारात बसून रस्त्याकडं बघत राहिली आणि जेवणच टाकलं. शेवटी परत आणावं लागलं. तेव्हा प्रभूनं ठरवलं, पुढच्या पावसाळ्यात माय ओढा ओलांडेल ती बसून आणि कोरड्या लुगड्यानं.

बैल होते कोसा आणि भिंगऱ्या. आखाडा बाळापूरच्या बाजारात ते गेले त्या दिवसापासून प्रभूचा बाप ज्ञानबा त्याच्याशी बोलायचा थांबला. भांडण नाही, आदळआपट नाही. चहा हवा असला तर म्हातारा बायकोला सांगे, "त्याला म्हनावं, जरा बाजूला सर, मला चुलीपाशी जायचंय." तो बाजूला सरे. कौशल्याबाई दोघांकडं बघे आणि कपाळाला हात लावी.

रिकाम्या गोठ्यात गाडीचं काम सुरू झालं. प्रभूनं हिंगोलीच्या गॅरेजात सात वर्षं हात काळे केले होते, त्यामुळं भीती अशी नव्हती. निंबाच्या फांदीला साखळी टांगून त्यानं इंजिन उतरवलं आणि गव्हाच्या पोत्यांवर ठेवून उघडलं. स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एकेक पाटा वाढवून गाडी वीतभर उंच केली. इंजिनाला हवा ओढायला बोअरचा उरलेला पाइप टपापर्यंत नेला, म्हणजे बोनेटपर्यंत पाणी आलं तरी इंजिन गुदमरू नये. धुराचा पाइपही तसाच वर वळवला. मायला चढायला जड जाऊ नये म्हणून जुन्या पेरणी यंत्राची लोखंडी पायरी कापून दाराखाली वेल्ड केली. तिनं पाय ठेवून पाहिला आणि म्हणाली, "हे बेस झालं. आता मी आमदारीनबाई."

त्या गाडीची एक तऱ्हा होती. चारही चाकांनी ओढायचं तर आतला दांडा टाकून भागत नसे. खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध असलेली हबची चकती हातानं फिरवावी लागे. चकती फिरली की चाक आसाला जोडलं जाई. दोन्हींपैकी एक जरी राहिली, तरी पुढचा सगळा जोर त्या सुट्या बाजूला वाया जाई आणि पुढची चाकं नुसती उभी राहत. प्रभूनं चकत्या खोलून, ग्रीस भरून अशा केल्या की एका बोटानं फिराव्यात.

आषाढात पहिल्यांदा मांडीभर पाण्यातून गाडी पलीकडं गेली, समोरची काळ्या मातीची चढण गुरगुरत चढली, आणि मुंजाजीनं टोपी काढून हवेत फेकली. पुढं दोन महिने माय कोरड्या लुगड्यानं हिंगोलीला गेली आणि कोरड्या लुगड्यानं आली. ज्ञानबा मात्र दर वेळी गाडीकडं पाठ करून बांधावर बसे. गाडी पलीकडं चढल्याचा आवाज आला की उठून घरी जाई.

मग पोळा आला.

ज्या घरातली दावण रिकामी, त्या घराचा पोळा कसा असतो ते ज्याचं त्यालाच ठाऊक. शितलनं, प्रभूच्या बायकोनं, पुरणपोळ्या केल्या, पण घास कोणाला चारायचा हे तिनं विचारलं नाही. सकाळी प्रभू फवारणीचा पंप घेऊन रानात गेला. दुपारी आला तर गोठ्यासमोर गाडी धुऊनपुसून उभी. बोनेटवर कोसाची झूल. जाळीवर घुंगरमाळ. बंपरला हळद आणि लोणी, म्हणजे बैलांची खांदमळणीसुद्धा चुकली नव्हती. आणि ज्ञानबा उजव्या चाकापाशी उकिडवा बसून, शिंगं रंगवायच्या लाल तेलरंगानं हब रंगवत होता. गाडीची शिंगं त्याला तीच वाटली असणार. उजव्याला तीन हात झाले होते. मिरवणूक निघाल्याचा हलगीचा आवाज आला म्हणून डाव्याला घाईत एकच हात मिळाला.

"प्रभू," म्हातारा म्हणाला, "बघ रे, बराबर दिसतंय का?"

चार महिन्यांनी बाप आपल्याशी बोलला होता. प्रभू वाकला. रंग चकतीच्या खाचेत भरून आत पाझरत होता. त्यानं खाचेवर बोट फिरवलं, बोट लाल झालं, ते त्यानं पँटीला पुसलं. थिनरची बाटली गोठ्यात दहा पावलांवर होती. 'आबा, खाच तेवढी पुसून घेतो,' एवढंच म्हणायचं होतं. पण ज्ञानबा हातात कुंचला घेऊन त्याच्या तोंडाकडं बघत होता, आणि म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"झ्याक दिसून राहिलंय, आबा," प्रभू म्हणाला.

त्या दिवशी बैलांच्या रांगेत शेवटी ती पिकअप मारुतीपर्यंत गेली. बंपरला बांधलेला कासरा हातात धरून ज्ञानबा पुढं चालत होता आणि मागून प्रभू पहिल्या गिअरात गाडी हाकत होता. पोरं खिदळली. "ज्ञानबाचा बैल डिझेल पितो!" असं कोणी तरी ओरडलंही. पण म्हातारा इतका ताठ चालत होता की हळूहळू हसणारे गप्प झाले. दारात परत आल्यावर कौशल्याबाईनं चाकांवर पाणी घातलं, बोनेटला कुंकू लावलं आणि दोघा बापलेकांकडं पाहून डोळ्याला पदर लावला. इतकी समाधानी माय प्रभूनं फार दिवसांत पाहिली नव्हती.

आज खाच साफ करू, उद्या करू, असं प्रभूच्या रोज मनात येई. पण दहा-बारा दिवस उघाड होती, ओढा घोट्याला आला होता आणि हबला हात लावायची वेळच येत नव्हती. शिवाय म्हातारा रोज संध्याकाळी फडक्यानं ते लाल हब पुसायचा, मायेनं, बैलाचं वशिंड पुसावं तसा. त्याच्यासमोर थिनर घेऊन बसायचं प्रभूला जमलं नाही. सोयाबीनची फवारणी होती, वायर जळालेली मोटर होती. राहून गेलं.

मग दोन दिवस पाऊस कोसळला आणि शुक्रवार आला. मायचे पाय सुजले होते, बोलताना दम लागत होता. पोळ्यापासून ज्ञानबाही गाडीत येऊ लागला होता. माय मध्ये, म्हातारा खिडकीशी. ओढा कमरेला लागत होता, पण धार अजून आवाक्यात होती. प्रभू उतरला. डावी चकती जरा कुरकुरली आणि फिरली. उजवी हललीच नाही.

त्यानं पाना लावला. पकड लावली. अंगठ्याच्या नखानं रंग खरवडला, पण तीन हातांचा रंग आत दगड होऊन बसला होता. जोर लावला तसा चकती फिरवायचा कान तुटून त्याच्या हातात आला.

"काय झालं रे?" ज्ञानबानं खिडकीतून विचारलं.

"काही न्हाई आबा. जाम झालंय जरासं."

मागच्या चाकांवरच जाऊ म्हणून त्यानं गाडी पाण्यात घातली. पात्र पार झालं. पण समोरच्या चढणीला मागची चाकं चिखल उकरू लागली आणि पुढची चाकं नुसती उभी राहिली. गाडी आडवी घसरली. त्यानं तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा इंजिनाचा आवाज बदलला, तशी मायनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"असू दे लेका. मागं घे. उद्या जाऊ."

दुपारी पाणी पुरुषभर झालं. शनिवारी उतरलं नाही. रविवारी त्याच बाजेवर, त्याच चार माणसांनी तिला पलीकडं नेलं, आणि या वेळी ती आंघोळीचं काही बोलली नाही. फुफ्फुसात पाणी झालं होतं. अकरा दिवस ती दवाखान्यात होती. बाराव्या दिवशी गेली. डॉक्टरनं प्रभूला बाजूला घेऊन समजावलं की शरीर थकलंच होतं, हे आज ना उद्या, सहा महिन्यांनी का होईना, होणारच होतं. प्रभूनं मान हलवली. सहा महिने तर सहा महिने, तेवढे तरी होते, असं त्याला वाटलं आणि तो दवाखान्याच्या जिन्यात बसून हमसून रडला.

घरी ज्ञानबा रडला नाही. तो नखं खरवडायचा. पोळ्याचा रंग केव्हाच गेला होता, तरी काडी घेऊन दिवसभर नखांच्या कडा खरवडत बसायचा. भाकरीचा तुकडा मोडून ताटातच ठेवायचा. तेरावं झाल्यावर एका सकाळी तो गोठ्यात आला.

"प्रभू, खरं सांग. रंगानंच अडलं न्हव?"

"न्हाई आबा," प्रभू म्हणाला. त्याला उत्तर आधीपासून पाठ होतं. "आतून गंजलं व्हतं. माझीच चूक. ग्रीस कमी पडलं."

"दाखव."

"हिरासिंगकडं दिलंय दुरुस्तीला. आणतो."

माय गेल्यावर प्रभूनं उजवा हब उतरवून गोठ्यात लपवला होता. त्याच दिवशी तो पोत्यात घालून तो कनेरगाव नाक्याला गेला. हिरासिंगनं तुटक्या कानाचा लाल हब हातात घेऊन फिरवून पाहिला. "इसमें तो कुछ नहीं हुआ. रंग निकालो, कान बदलो, बस."

"हा ठेव तुझ्याकडं. मला गंजका पाहिजे. पार सडलेला."

हिरासिंगनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. ढिगातून त्यानं एक हब शोधून दिला. तो हातात धरला तरी गंजाचा भुगा पडत होता.

प्रभूनं तो बापासमोर बाजेवर ठेवला. "हे बघा. आतनं असं झालं व्हतं. रंगाचा काही संबंध न्हाई. तुमी उगा जिवाला लावून घेऊ नका."

ज्ञानबानं चष्मा लावला. हब उचलला, उलटा केला, सुलटा केला. खाचेत बोट घातलं, बोट तांबडं झालं, पण ते गंजानं. मग हळूच म्हणाला, "मी तीन हात दिले व्हते. ह्याच्यावर रंग कुटं हाय?"

प्रभू चपापला. एवढं गॅरेजात राबलेला माणूस, एवढा विचार करून आणलेलं भंगार, आणि एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती.

ज्ञानबा उठला. गोठ्याच्या वळचणीला खोचलेला रंगाचा डबा त्यानं काढला, वर धरलेली साय काडीनं फोडली आणि कुंचला बुडवला. मग बाजेवर बसून तो त्या गंजक्या हबवर लाल रंग देऊ लागला. एक हात दिला. वाळू न देताच दुसरा दिला. खाचसुद्धा त्यानं सोडली नाही.

"आबा, काय करून राहिले तुमी?"

"आता बराबर झालं," म्हातारा म्हणाला. "शितलनं इचारलं, मुंजाजीनं इचारलं, तर ह्येच दाखवायचं. आतनं गंजलं व्हतं म्हनायचं."

प्रभू त्याच्या पायाशी खाली बसला. "आबा, मला दिसला व्हता रंग. पोळ्यालाच दिसला व्हता. मी पुसला न्हाई."

"मला ठाऊक हाय."

"कसं?"

ज्ञानबानं कुंचल्यानं प्रभूच्या पँटीकडं दाखवलं. कामाची तीच जुनी पँट होती. उजव्या मांडीवर बोटभर लाल डाग होता, धुऊन धुऊन फिकट झालेला.

"तुजी माय दर खेपेला घासायची," तो म्हणाला. "निघत न्हाई म्हनायची. काहून न्हाई बोललास रे तवा?"

"तुमी हसले व्हते, आबा."

म्हाताऱ्यानं कुंचला डब्यात ठेवला. रंगानं भरलेला हात त्यानं प्रभूच्या डोक्यावर ठेवला आणि तो तसाच राहू दिला. बाजेवरचा हब वाळेपर्यंत दोघं तिथंच बसून होते.