ऊब धरणारा खडा

जेवणाच्या टेबलावर पिवळ्या खड्यांच्या दोन अंगठ्या ठेवून मुलगी म्हणाली, "बाबा, यातला खरा पुष्कराज कुठला तेवढं सांगा. तो मी नेते, दुसरी तुम्हाला." आणि ती बॅग भरायला आत गेली. संध्याकाळच्या गाडीने ती आपल्या घरी परतणार होती. तिचा गुरू अशक्त आहे असं ज्योतिष्याने सांगितलं होतं. आईची अंगठी असताना नवी कशाला, हा तिचा सरळ विचार. आई रोज घालायची तीच खरी, हेही तिने परस्पर ठरवून टाकलं होतं.

म्हाताऱ्याची हयात रत्नं पारखण्यात गेली होती. या दोन अंगठ्यांसाठी त्याला भिंगसुद्धा नको होतं. खरा पुष्कराज आजवर पेटीत पडून राहिलेल्या अंगठीत होता, त्यानेच हौसेने आणलेला. बायकोने तो आठवडाभर घातला. "कधीही हात लावा, मेला गारच," म्हणून काढून ठेवला, आणि एका फेरीवाल्याकडून आपल्या मनाने 'सुनेला' नावाचा स्वस्तातला पिवळा खडा घेतला. तो लवकर ऊब धरायचा. ज्योतिषी त्याला पुष्कराजाचं उपरत्न मानतात. ग्रह तोच, फळ कमी. "माझा गुरू गरिबाघरचा आहे," असं ती हसून सांगायची. सुनेला शेवटपर्यंत तिच्या बोटात राहिला.

खरं सांगितलं की सुनेला घरात राहणार होता, आणि म्हाताऱ्याला नेमका तोच हवा होता. तिथेच त्याचं मन अडलं. इतकं सोयीचं खरं आजवर त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. आपल्याला हवं म्हणून तर आपण तसं म्हणत नाही ना? त्याने कपाटातून यंत्रं उतरवली.

हात सवयीने चालू लागले. खडा तपासण्याआधी तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा, पुढून आणि मागून. दोन्ही अंगठ्या खालून उघड्या होत्या, खडा बोटाला टेकावा म्हणून. त्याने पुसलं, दोन्ही बोळे टोपलीत टाकले आणि डोळा यंत्राला लावला. पुष्कराजाचा अपवर्तनांक एक पॉइंट सत्त्याहत्तर, सुनेल्याचा एक पॉइंट पंचावन्नच्या आसपास. पुष्कराजाच्या पैलूंच्या कडा काल घासल्यासारख्या धारदार. सुनेल्याच्या बोथट, कारण साधी धूळही त्याच्याइतकीच कठीण असते आणि रोज थोडं थोडं खाते. शेवटी प्रकाश गाळणाऱ्या दोन काळ्या काचांमधून पाहिलं; प्रत्येक जातीच्या खड्याची खूण त्यात वेगळी दिसते. पुष्कराजात काळी फुली मधोमध जुळली. सुनेल्यात रंगीत वर्तुळं उमटली, पण मधली जागा रिकामी राहिली.

शंकेला जागा उरली नाही. मग त्याची नजर टोपलीकडे गेली. सुनेल्याच्या बोळ्यावर करडा, चिकट डाग होता. इतक्या वर्षांचा साबण, हाताला लावायचं क्रीम, तिचं अंग. ते त्याने आपल्या हातांनी पुसून टाकलं होतं.

मुलगी आली. त्याने पेटीतली अंगठी पुढे सरकवली आणि खरी ही, असं सांगितलं.

"म्हणजे आई जन्मभर खोटा खडा मिरवत होती?"

"खोटा नाही गं. सुनेला आहे तो. सुनेला म्हणून खराच."

तिने सुनेला उचलून बोटात घातला. अगदी नेमका बसला. हात लांब धरून ती पाहत राहिली; तो हात आईचाच वाटत होता.

"मी हीच नेते, बाबा. माझ्या गुरूने जरा कळ काढावी." मग खालच्या आवाजात म्हणाली, "चालेल ना तुम्हाला?"

नको म्हटलं असतं तर तिने तिथल्या तिथे काढून दिली असती. तो शब्द त्याच्या अगदी ओठांपर्यंत आला.

"चालेल की," तो म्हणाला. "त्याला आपटू नकोस फक्त."

ती गेल्यावर घर जास्तच मोठं वाटू लागलं. पुष्कराज मुठीत धरून तो बसला. मूठ उघडून गालाला लावला तर खडा गारच होता. त्याने तो पेटीत ठेवला.

मग वाकून टोपलीतून सुनेल्याचा बोळा काढला. स्पिरिट केव्हाच उडून गेलं होतं आणि त्याच्या मागचा क्रीमचा वास, अगदी पुसट, तेवढा राहिला होता. खड्यासाठी करतात तशी पांढऱ्या कागदाची पुडी त्याने केली, बोळा आत ठेवला, घड्या नखाने दाबल्या. पुडीवर आतल्या वस्तूचं नाव लिहायची त्याची रीत होती. त्याने पेन उचललं, टोपण काढलं, आणि अंधारून येईपर्यंत ते तसंच हातात राहिलं.