उरलेल्या गोळ्यांचा डबा

खरवईतल्या मनालीच्या बिल्डिंगमध्ये गोळी कधी वाया जायची नाही. कुणाला बरं वाटलं की उरलेली पट्टी तिसऱ्या मजल्यावरच्या मीनलकाकूंच्या डब्यात, आणि काकू लगेच तिचा फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकणार: "जळजळीवर एकदम जालीम. कुणाला हवी?" केवढं कौतुक त्या डब्याचं! मनालीच्या आईला तर सगळ्यांत जास्त. लघवीला जळजळ झाली की ती काकूंकडून पट्टी आणायची, दोन गोळ्या घ्यायची आणि बाकीच्या इमानदारीत परत करायची.

आज तीच आई उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात कुडकुडत पडली होती. इन्फेक्शन किडनीपर्यंत चढलं होतं. कालपासून सलाईनमधून अँटिबायोटिक चालू होतं, पण ताप हटायचं नाव घेत नव्हता आणि आता बीपीही घसरायला लागलं होतं. पप्पा अंबरनाथहून शिफ्ट अर्धवट टाकून निघाले होते. तोवर आईजवळ दहावीतली मनाली आणि मीनलकाकू.

"कुठलं औषध लागू पडेल ते रिपोर्टमध्ये कळेल, पण रिपोर्ट उद्या येणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तेवढा वेळ नाही आपल्याकडे. ताई, याआधी कुठल्या अँटिबायोटिक घेतल्या होत्या?"

"कायच नाय," आई पुटपुटली.

मनालीने चमकून पाहिलं. चादरीखालून आईने तिचा हात दाबला. गप्प बस! काकू शेजारीच उभ्या होत्या ना, कालपासून घरी न गेलेल्या. त्यांना डॉक्टरांसमोर तोंडघशी कसं पाडायचं?

डॉक्टरबाई वळल्या. निघाल्याच.

"मॅडम, खोटं बोलतेय ती!" मनालीचा आवाज अख्ख्या वॉर्डात घुमला. "खूपदा घेतल्यात. दर वेळी दोनच. काकूंच्या डब्यातल्या."

"ए भोंग्या!" काकू भडकल्या. "मी काय विष दिलं का गं? बरी व्हायची ना तुझी आई?"

"बरं वाटायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोन गोळ्यांत लेचेपेचे जंतू मरतात. चिवट असतात ते उरतात आणि मग त्यांचीच पिलावळ वाढते. ती काय हिच्यापुरती राहते? शेजारच्या खाटेवर पोचली की तिथेही औषध फुकट. गोळीचं नाव सांगा, लवकर!"

काकूंनी आईकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते तिचे. त्या बिल्डिंगचा ग्रुप उघडून फोटो शोधू लागल्या. सत्यनारायणाचं आमंत्रण, पाणी येणार नसल्याचा मेसेज, गुड मॉर्निंगची फुलं... सापडेचना.

"काकू, पटकन!"

"ही बघा. आणि ही पण. माझ्या सासऱ्यांची उरलेली."

"अहो, सलाईनमधून चाललंय ते याच जातीचं!" डॉक्टरबाई ओरडल्या. "सिस्टर, हे बंद करा. दुसरं लावा, आत्ता!"

नवी बाटली लागली. पप्पा आले. सगळ्यांचे डोळे मॉनिटरवर. बीपीचा आकडा खाली गेला, तिथेच अडला आणि मग जिवावर आल्यासारखा वर सरकला.

दुसऱ्या दिवशी रिपोर्टही तेच बोलला: जुनी औषधं बाद, नवं लागू. संध्याकाळी ताप उतरला. आई उठून बसली, चहा मागितला, प्यायली आणि सलाईनच्या नळीकडे बघत म्हणाली, "मला बरं वाटतंय आता. सुई काढायला सांग. घरी जाऊ."

मनालीने पायाने आईच्या चपला खाटेखाली पार भिंतीपर्यंत ढकलल्या.

"अगं, खरंच बरं वाटतंय!"

"म्हणूनच," मनाली म्हणाली. "झोप."