भुई वर आली असन

"अरे, वाक ना!" सुशीला चुलीपासून ओरडली, तोवर अतुलचं कपाळ चौकटीच्या वरच्या लाकडावर आदळलं होतं.

तो दारातच थांबला. हात कपाळावर नव्हता, त्या लाकडावर होता.

"वाकलो होतो, माय. रोजच्याइतकाच."

तव्यावरची भाकर करपू लागली. सुशीलाला ती उलटायचं सुचलं नाही.

"सारवून सारवून भुई वर आली असन," ती म्हणाली. "दिवाळीले जास्तच माती लागली मायाकून."

भिंतीशी बसलेल्या श्रावणनं आधी मुलाकडे पाहिलं, मग भुईकडे.

या घरात वाढणं हा एकेकाळी सण होता. सौंसरच्या बसस्टँडवर संत्र्यांच्या पेट्या जमिनीवरूनच बसच्या टपावर ठेवणारा हा पोरगा एका प्रशिक्षकानं हेरला, नागपूरला नेला. पुढे दक्षिणेतल्या एका कंपनीच्या बास्केटबॉल संघानं त्याला पगारावर घेतलं. सुट्टीत तो घरी आला की श्रावण भिंतीवर कोळशानं त्याच्या उंचीची खूण करी. खूण वर सरकली की सुशीला वस्तीत गूळ वाटी. ज्या वयात इतरांची हाडं वाढ विसरतात, त्या वयातही तो वाढत होता. संघ खूश होता. त्यात भिण्यासारखं काही असेल, असं कुणालाच वाटलं नाही, आईलाही नाही.

मग बाजूनं येणारे पास त्याला दिसेनासे झाले. चेंडू खांद्यावर आपटून खाली पडे आणि प्रेक्षक हसत. संघानं त्याला काढल्यावर डॉक्टरांनी कारण सांगितलं. मेंदूखालच्या ग्रंथीत गाठ होती. तीच त्याला वाढवत होती आणि तीच त्याची नजर कडेकडेनं कुरतडत होती. शस्त्रक्रियेत ती बरीचशी निघाली. "वाढ थांबली, तर गाठ थांबली समजा," डॉक्टर म्हणाले होते. "पुन्हा वाढला, तर उरलेली नजर सांगता येत नाही."

तेव्हापासून हे बुटकं दार हाच त्याचा दिलासा होता. तेवढंच वाकायचं आणि आत यायचं.

"उद्या नागपूरले दाखवून येतो," अतुल म्हणाला.

सकाळी गल्लीच्या तोंडाशी ऑटोवाला विनोद हसला. "काय कॅप्टन, वरतं थंडी जास्त हाय काय?"

"तू ये ना वर, सांगतो."

ऑटोत तो घडी घालून ठेवल्यासारखा बसला.

ऑटो वळल्यावर श्रावणनं सब्बल आणली आणि दाराच्या आतली भुई खणायला घेतली.

"काय करून राहिले हे?"

"तूच म्हणली ना, भुई वर आली म्हून."

टोपलं घेऊन सुशीला माती भरू लागली. शेणामातीचे थर पापुद्र्यांसारखे सुटत होते, एकाखाली एक, तिच्याच हातांनी चढवलेले. गूळ वाटला त्या वर्षांचे थरही त्यातच असणार. दुपार कलण्याआधी तिनं खळगा सारवून घेतला.

अतुल परतला तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. गाठ परत आली होती. घरी हे कोणत्या शब्दांत सांगायचं, ते तो नागपूरपासून मनात जुळवत आला होता.

चपला काढून तो रोजच्याइतकाच वाकला. काहीच लागलं नाही. अनवाणी पावलांखाली भुई ओली होती, आणि खाली गेली होती. त्यानं बापाच्या तळहातांवरचे फोड पाहिले. जुळवलेले शब्द त्यानं गिळले.

"काय म्हणला डॉक्टर?" श्रावणनं विचारलं.

"काई नाई, बाबा. भुईच वर आली होती."

सुशीलानं ताट मांडलं, डावीकडे पाण्याचा गडवा ठेवला. जेवता जेवता अतुल त्या बाजूला गडवा चाचपू लागला. श्रावणनं तो उचलला, त्याच्या पुढ्यात ठेवला, आणि खाली पाहून जेवत राहिला.