माझ्याभोवती बांधलेला पार

मी एक पाइन बोलतोय. चंदीगडमध्ये राहतो, दामोदरकाकांच्या पुढच्या अंगणात. तुम्ही मला पाहायला आलात तर जरा लवकर या, कारण मला कापायचं ठरलं आहे. आणि वर पाहून "अरेरे, कसं वाळलं" असं म्हणू नका. ते ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. वाळलेलं सगळ्यांना दिसतं. कशानं वाळलं, ते मी सांगतो.

माझा जन्म पिंजौरच्या एका रोपवाटिकेतला. तिथून काकांनी मला स्कूटरवर पायांमध्ये धरून आणलं. तेव्हा ते सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत इंजिनिअर होते. इकडचे लोक मला 'चीड' म्हणतात. सुमित्राकाकूंना ते नाव अजिबात पसंत नव्हतं. "इतक्या गरीब झाडाला चीड काय म्हणायचं!" असं म्हणून त्यांनी मला सरळ 'बाळ' करून टाकलं. मी दुमजली घराच्या वर गेलो, शेंड्यावरून कसौलीचे डोंगर दिसायला लागले, तरी मी बाळच होतो.

काकू कोरेगावच्या, सातारा जिल्ह्यातल्या. इथे त्यांचा जीव रमत नसे. इथली माणसं चांगली, पण फाटकं बंद. काकू फाटकाशी उभ्या राहायच्या, कुणी दिसलं की हसायच्या, आणि समोरचा "नमस्ते जी" म्हणून निघून जायचा. एकदा त्या काकांना म्हणाल्या, "आमच्याकडं झाडाला पार असतो. जाता-येता माणूस टेकतं, चार शब्द बोलतं. इथं टेकायलाच कुठं काही नाही, तर बोलणार कोण?"

काकांनी ते मनावर घेतलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते हे. गवंडी बोलावला नाही. स्वतः विटा रचल्या, सिमेंट कालवलं, माझ्याभोवती गुडघ्याएवढा गोल कठडा उभा केला, आत माती भरली, ती चोपून घट्ट केली आणि वर फरश्या बसवल्या. मधे माझं खोड. आयुष्यभर बारीक यंत्रांवर काम केलेला माणूस, त्यानं पार असा बांधला की पाणसळ लावली तरी केसभर फरक दिसू नये. काकूंनी त्यावर हळदकुंकू वाहिलं. मला त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

मग अंगण भरलं. मोहालीच्या नॉलेज सिटीत शिकणारी, कोचिंगला आलेली मराठी पोरं रविवारी यायची. थालीपीठ, दही, ठेचा आणि गप्पा. "काकू, यार, हॉस्टेलच्या राजम्यानं जीव घेतला," असं कुणीतरी म्हणायचं आणि काकू त्याच्या ताटात आणखी एक वाढायच्या. त्यात अकोल्याची वल्लरी होती. ती झाडांचे रोग शिकायची. थंडीच्या तोंडावर माझ्या आतल्या बाजूच्या जुन्या सुया पिवळ्या होऊन गळायच्या आणि काकू घाबरायच्या. वल्लरी समजवायची, "काकू, जुनी पानं गळणारच. टोकाची नवी पानं पिवळी पडली तर मला सांगा." पुढे ती शिकायला दूर गेली.

पहिली काही वर्षं मला काही कळलं नाही. आम्हा पाइनचं खोड जमिनीपाशी थोडं पसरतं आणि तिथून मुळं निघतात. ती जागा उघडी लागते, कोरडी लागते. वारा लागला पाहिजे तिथे. माझी ती जागा मातीखाली गेली होती. वर फरश्या. फटींतून काकू तांदूळ धुतलेलं पाणी ओतायच्या, काका पाणी शुद्ध करायच्या मशीनमधलं वाया जाणारं पाणी आणून ओतायचे. पाणी फुकट घालवायचं नाही, ही त्यांच्याकडची शिस्त. आत ओल कायमची. मी गुदमरत होतो आणि वर बसलेल्या माणसांच्या हसण्यानं खूशही होतो.

मग काकू गेल्या. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात नेलं ते परत आल्याच नाहीत. काका पारावर एकटे बसायला लागले.

त्याच वर्षी माझी टोकाची पानं पिवळी पडली.

भेटायला येणारा प्रत्येक जण वर बघून म्हणायचा, "झाडालासुद्धा कळलं हो." शेजारच्या चित्राताई डोळे पुसत म्हणाल्या, "बाळ आईसाठी झुरतंय." काकांना ते पटलं. खरं सांगू? ते खोटंही नव्हतं. काकूंसाठी मी झुरत होतोच. पण दुःखानं कुणाची मुळं कुजत नाहीत. ते वेगळं दुखणं होतं, त्याला औषध होतं, आणि तेव्हा वेळही होती. पण दुःख म्हटल्यावर डॉक्टरला कोण बोलावतं? काका रोज सकाळी माझ्या खोडावर हात ठेवायचे, "होईल रे सवय," म्हणायचे आणि जास्तीची बादली ओतायचे.

पलीकडचे सरदारजी म्हणाले, "दामोदर जी, यूरिया डालो, पक्का हरा हो जाएगा." यूरिया पडला. कुणी पानांवर बुरशीचं औषध फवारायला लावलं. तेही झालं. दुखणं तळाशी, इलाज शेंड्याला. मग सालीवर डिंकाचे गोळे आले आणि फरशीवर तपकिरी भुसा पडायला लागला. काका तो रोज झाडून टाकायचे. पार स्वच्छ ठेवायचे ते.

परवा वल्लरी आली. नोकरीसाठी चंदीगडला परतली होती. काकूंच्या फोटोला नमस्कार करून ती अंगणात आली, वर बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. तिनं भुसा चिमटीत घेतला. सालीचा एक तुकडा सोलला, खाली भुंगेऱ्यांनी कोरलेल्या वाटा. मग काकांना विचारून तिनं एक फरशी उचकटली आणि हातानं माती उकरली. माझ्या बुंध्याची साल तिच्या बोटांबरोबर निघून आली. ओली, काळी, आंबूस वासाची.

"काय झालंय गं?" काकांनी विचारलं.

"भुंगेरे लागलेत, काका," ती खाली बघत म्हणाली. "आता वाचणार नाही. लवकर कापून लाकूड इथून हलवायला हवं."

"म्हणजे आपलं काही चुकलं नाही ना?"

"नाही काका."

तिच्या त्या खोट्या बोलण्याबद्दल मी तिला लाख दुवा दिल्या. मला दुसरं काही नको होतं. जायचं तर जायचं, पण त्यांना कळायला नको.

काकांनी डोळे पुसले. मग मागच्या अंगणाकडे बोट दाखवून म्हणाले, "तो धाकटा पाइन आहे ना, तुझ्या काकूनंच लावलेला. त्याला आता पार बांधतो. विटा सांगून ठेवल्यात. तिच्या वर्षश्राद्धाला पोरं येतील, त्यांना टेकायला नको?"

वल्लरीनं माझ्याकडे बघितलं. मला कळलं, आता ती सांगणार. आणि तिनं सांगायलाच हवं होतं.

"काका, त्याला पार नका बांधू." "वडाला चालतो, पिंपळाला चालतो. याला नाही चालत. याची मुळं खाली गुदमरली. भुंगेरे नंतर आले, झाड आधीच खचलं होतं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, तुमचा काय दोष?"

काका पारावरून उठून उभे राहिले, जणू चटका बसला. म्हणाले, "पानं पिवळी पडली तेव्हा तुला फोन लावणार होतो गं. मग वाटलं, हे तिच्यासाठी रडतंय. रडणाऱ्याला कशाला औषध द्यायचं."

आज सकाळपासून खपून त्यांनी स्वतः पार फोडला. वल्लरी म्हणाली, "काका, आता उपयोग नाही." ते म्हणाले, "उपयोगासाठी नाही. जाईपर्यंत श्वास तरी घेऊ दे त्याला." विटा निघाल्या, माती निघाली, आणि कित्येक वर्षांनी माझ्या बुंध्याला वारा लागला. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

तुमच्या दारात माझ्यासारखं कुणी पिवळं पडलं, तर नुसते त्याच्याजवळ बसून हळहळू नका. बुंध्याशी थोडं उकरून बघा. धाकट्याभोवती काही रचू नका. आणि काकांना कुणी दोष देऊ नका. माझं मरण त्यांच्या हातून आलं हे खरं, पण त्या हातांइतकं मला कुणी जपलंही नव्हतं.

आत्ता ते माझ्या मुळांजवळ मातीतच बसलेत, पाठ माझ्या खोडाला टेकून. डिंक सदऱ्याला चिकटतोय, त्यांचं लक्ष नाही. काकू गेल्या त्या दिवशी सगळ्यांना धीर देत फिरणारा हा माणूस आज पहिल्यांदा मोठ्यानं रडतोय.

वल्लरी, उद्या करवतवाल्यांना थोडं उशिरा बोलव गं. काकांना अजून टेकू दे.