आईकडून आलेलं

ताई कवळ्या बनवायची. दंतवैद्यांकडून मापं आली की त्यात प्लास्टर ओतायचं, मेणात एकेक दात बसवायचा, आणि कुणा अनोळखी म्हाताऱ्याचं हसू चकचकीत होईस्तोवर घासत बसायचं. तिच्या त्या धुळीच्या खोलीत तिच्या भावाची केस घेतलेल्या वकीलबाई नाकाला रुमाल लावूनच शिरल्या.

"तुमच्या भावानं खून केलाय, यात वाद नाही. अख्ख्या गल्लीनं पाहिलंय," त्या म्हणाल्या. "प्रश्न उरलाय तो फाशी की जन्मठेप एवढाच. मला तुमचं रक्त तपासायला हवंय."

"माझं? मी काय केलंय?"

"काही नाही. पण तुम्ही दोघं एकाच आईबापाची. त्याचा राग जन्मजात आहे असं दाखवता आलं, तर त्याचा जीव वाचेल."

भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. घरात त्याला लहानपणापासून ठिणगी म्हणत. कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण डोकं सटकलं की पुढचं-मागचं दिसायचं नाही. शेजाऱ्यानं दारासमोर गाडी आडवी लावली, बाचाबाची झाली, ठिणगीच्या हातात पाना होता. शेजारी पडला तो उठलाच नाही. त्याची बायको दारातच उभी होती.

ताईनं मुकाट्यानं हात पुढे केला. सुई टोचताना तिला आतून थोडं बरंच वाटलं. ठिणगी त्या मारकुट्या बापावर गेलाय, हे ती कधीपासून म्हणत होती. आता डॉक्टरच तसं म्हणणार होते.

कोर्टात तिनं सगळं सांगितलं. बाप पट्टा काढायचा तेव्हा ठिणगी कपाटामागे कसा लपायचा, बाप त्याला कानाला धरून कसा ओढून काढायचा, एकदा त्याचा हात मोडला तेव्हा दवाखान्यात 'पडला' म्हणून कसं सांगितलं. आईनं जन्मभर झाकलेलं तिनं एका दुपारी चव्हाट्यावर मांडलं. मागच्या बाकावर तिची लेक बसली होती, गेल्याच वर्षी लग्न झालेली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मग डॉक्टर उभे राहिले. मेंदूतल्या काही रसायनांचा वेळच्या वेळी निचरा व्हावा लागतो, तो करणारं जनुक आरोपीत मंद आहे, असं त्यांनी सांगितलं. "नुसत्या त्यानं कुणी खुनी होत नाही. पण असं मूल मार खात वाढलं, तर धोका वाढतो."

"म्हणजे हे वडिलांकडून आलं?" वकीलबाईंनी विचारलं.

"मार वडिलांचा. जनुक नाही. ते मुलग्याला फक्त आईकडूनच येतं."

ताईला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. आई? घरात शिरलेला कोळीसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडणारी आई?

"बहिणीतही ते आहे," डॉक्टर म्हणाले. "बायकांत त्याच्या दोन प्रती असतात, तिची दुसरी चांगली असल्यानं तिला त्रास नाही. मात्र तिच्या मुलीत ते उतरलेलं असू शकतं, आणि तिच्याकडून तिच्या मुलांत."

ताईनं मागे वळून पाहिलं. लेक जमिनीकडे बघत होती.

फाशी टळली. पण न्यायाधीशांनी डॉक्टरांचंच बोलणं उचललं. दोष जन्मजात आणि त्यावर इलाज नाही, तर या माणसाला पुन्हा लोकांत सोडायचं कोणत्या भरवशावर? मरेपर्यंत तुरुंग, सुटका नाही. वकीलबाईंनी ताईचा हात दाबला. "जिंकलो आपण," त्या म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

भेटीच्या खोलीत ठिणगी जाळीपलीकडे बसला. वाळला होता.

"जीव वाचला रे," ताई म्हणाली.

"कुणाचा?" त्यानं विचारलं. "ताई, मला पाना खाली ठेवता आला असता. हात वर गेला आणि थांबला होता. मला चांगलं आठवतंय. तेव्हा मी ठरवलं. मी ठरवलं, कळतंय? मला त्याच्या बायकोची माफी मागायची होती. आता कोणत्या तोंडानं मागू? माझं यंत्रच बिघडलेलं आहे म्हणून?"

"तुला वाचवायला केलं सगळं."

"माहीत आहे." "आईला मात्र यात ओढायला नको होतं."

लेक महिनाभर आली नाही. मग एका संध्याकाळी आली आणि चप्पल न काढता उंबऱ्यातच उभी राहिली.

"आम्ही मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलंय."

"अगं, तपासून तरी घे! तुझ्यात नसेलही. आणि असलं तरी कोण मारणार आहे त्याला? जावई तर मुंगीला पाय लावत नाहीत."

"तेच म्हणाले, तपासू नको. कळलं तर रोज माझ्याकडे बघताना त्यांना ते आठवेल, म्हणाले." ती हसायला गेली, पण जमलं नाही. "बाळ रडलं तरी आम्ही एकमेकांकडे बघू, आई. त्यानं खेळणं फेकलं तरी बघू. असं कुणी वाढवायचं का?"

ताईला काहीतरी बोलायचं होतं. आईसारखं, समजूत घालणारं. लेक गेली, तेव्हा जिन्यात दिवा लावायचंही तिला भान राहिलं नाही.

पुढच्या भेटीला ठिणगी बाहेर आलाच नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. शिपाई सांगायचा, "नको म्हणतोय, बाई." ताई तरीही जाते. इतरांच्या भेटी संपेपर्यंत बाकावर बसते, आणि खोली रिकामी झाली की उठते.