आधी पप्पांना विचारलं

मुलाच्या गाडीला वळताना आवाज येतोय, हे फिटरला बायकोकडून कळलं आणि बायकोला सुनेकडून. तोवर व्याह्यांनी गाडी दोनदा चालवूनही पाहिली होती.

"मला कोणी काही बोललं नाही," फिटर म्हणाला.

"उगाच तुम्हाला त्रास नको म्हणून नसेल सांगितलं." बायको भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही.

फिटरने उभी हयात बसडेपोत काढली होती. बस फाटकातून आत वळली की कोणत्या चाकाचं काय दुखतंय, ते तो हातातला चहा खाली न ठेवता सांगायचा. आणि व्याह्यांचं काय, तर सुट्या भागांचं दुकान. खोक्यातून काढायचं आणि गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचं. अशा माणसाला पोटच्या पोराने आधी विचारावं, हे काही त्याच्या घशाखाली उतरेना.

रविवारी तो न बोलावताच मुलाकडे गेला. गाडी अंगणात होती आणि व्याही पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. कपडे खराब होऊ नयेत म्हणून त्यांनी मुलाचा जुना शर्ट चढवला होता. तो शर्ट फिटरनेच घेऊन दिलेला.

"पप्पा, हा घ्या पाना," मुलगा म्हणाला.

पप्पा ही सुनेची हाक. मुलाने ती कधी उचलली, फिटरला पत्ताच नव्हता.

"या, या, बरं झालं आलात," व्याही म्हणाले. "चाकामागची ही लिंक बदलली, तरी आवाज आहे तिथेच आहे."

फिटरला आतून गुदगुल्या झाल्या. "लिंक बदलायची घाई कोणाला होती?"

"मलाच. दुकानात होती, म्हटलं लावून बघू."

"घरात गोळी आहे म्हणून कोणी ती आजाऱ्याला देतं का?"

यावरही व्याही मनापासून हसले. तेच फिटरला खुपायचं. माणूस जरा चिडला असता तर बरं वाटलं असतं.

"उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवलं तरी आवाज येतो का?" त्याने मुलाला विचारलं.

मुलाने व्याह्यांकडे पाहिलं. तेच म्हणाले, "येतो ना. म्हणजे अ‍ॅक्सल नाही. चाक पळाल्याशिवाय तो तोंड उघडत नाही."

फिटर अगदी हेच बोलणार होता. तोंडचा घास कोणी काढून घ्यावा तसं त्याला झालं.

"असं करू," व्याही उठत म्हणाले, "मी स्टेअरिंग फिरवतो, तुम्ही स्प्रिंगवर हात ठेवा. तुमच्या हाताला जे कळेल ते माझ्या हाताला नाही कळायचं."

फिटर गुडघ्यांवर बसला. टायरच्या मागून हात घालून त्याने तळवा स्प्रिंगवर टेकवला. चाक डावीकडे वळू लागलं. स्प्रिंग पीळ भरल्यासारखी तटून राहिली आणि मग एकदम तळव्याखाली उडाली. टंग्. क्षणात सगळं स्वच्छ झालं. स्प्रिंगचं वरचं टोक धरणाऱ्या माउंटिंगमधलं बेअरिंग जाम होतं. चाकाबरोबर सहज फिरायची ती स्प्रिंग आधी अडकत होती आणि मग झटक्यात सुटत होती.

"लागलं काही हाताला?" व्याह्यांनी आतून विचारलं.

मुलगाही वाकून उभा होता, पण खिडकीशी, पप्पांच्या बाजूला.

"नाही," फिटर म्हणाला. "काहीच नाही."

व्याह्यांनी स्टेअरिंग हळूच सरळ केलं. "बरं. मग चाकाखालचा बॉल जॉइंट बदलून बघू. उद्या आणतो दुकानातून."

होऊ दे त्यांची फजिती पोरासमोर, असं म्हणत फिटर खुशीत घरी आला. संध्याकाळचं जेवण मात्र गोड लागेना. धडधाकट जॉइंट हातोडीने ठोकून काढणार, फेकून देणार. डेपोत असलं काम करणाऱ्याला तो दारात उभं करत नसे.

दुसऱ्या दिवशी ते थांबवायला तो व्याह्यांच्या दुकानात गेला. काउंटरवर एक खोकं काढून ठेवलेलं होतं. त्यात बॉल जॉइंट नव्हता, माउंटिंगचं बेअरिंग होतं.

"तुम्हाला कळलं होतं?" फिटरने विचारलं.

"स्प्रिंग उडते ती स्टेअरिंगलाही कळते."

"मग बोलला का नाहीत?"

"हात तुमचा होता स्प्रिंगवर. म्हटलं, तुमच्या तोंडून येऊ दे. आज नाही तर उद्या." व्याह्यांनी खोकं त्याच्याकडे सरकवलं. "पोराला सांगू, तुम्हीच शोधलंत."

फिटरला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण तिच्या आधी पुन्हा तीच आग उठली. हा माणूस मोठेपणातही पुढे निघून गेला होता.

संध्याकाळी दोघांनी मिळून काम केलं. स्प्रिंग दाबून धरायचं जोखमीचं काम फिटरने केलं, व्याह्यांनी नुसता दिवा धरला. मुलगा गाडी घेऊन एक चक्कर मारून आला.

"गेला आवाज. थँक्यू, पप्पा."

"अरे, शोधलं तर बाबांनी..." व्याह्यांनी सुरुवात केली.

"नाही," फिटर म्हणाला. "शोधलं ह्यांनी. मी फक्त बसवलं."

एवढं बोलून तो हात धुवायला आत गेला. खिडकीतून दोघांचं हसणं ऐकू येत होतं, कशावर ते कळत नव्हतं. ग्रीस केव्हाच निघालं होतं, तरी तो साबण लावत राहिला.